‘लसणाच्या डब्या’चं झालं ऑर्फियम

अमेरिकेत बॉस्टनच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, मेरिमॅक नदीच्या काठी हेवरिल नावाचं शहर आहे. १९१०च्या शिरगणतीत त्याची वस्ती ४४ हजारांच्या आसपास भरली. पण १९१३च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या बुटांच्या दर दहा जोडांमागे एक जोड या शहरातल्या कारखान्यांतून बाहेर पडत होता. बायकांच्या नाजूक सपाता ही इथली खासियत. १८८२च्या फेब्रुवारीत आग लागून कारखान्यांचा मोठा भाग जळाला, तो गावाने पुन्हा उभा केला. १८९८च्या निवडणुकीत जॉन चेज निवडून आले आणि अमेरिकेतला पहिला समाजवादी महापौर याच गावाच्या नावावर नोंदला गेला. म्हणजे गाव छोटं, पण कष्टाचं आणि बोलकं.

कारखान्यांत आयरिश होते, कॅनडातून आलेले फ्रेंचभाषक होते, इटालियन, ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू होते. बुटाचा वरचा भाग शिवायचं काम मुख्यतः बायकांकडे असे. आठवड्याच्या अखेरीला स्वतःची मजुरी स्वतःच्या हातात घेणाऱ्या बायका या गावात पुष्कळ होत्या. पण गावातल्या ‘जेम’ नावाच्या थिएटरात त्यांना पाऊल टाकण्याची सोय नव्हती. सुमारे सहाशे खुर्च्यांच्या त्या नाट्यगृहात बर्लेस्क चाले. तोकड्या कपड्यांतल्या नर्तकी, चावट विनोद, सिगारांचा धूर आणि पुरुषांची गर्दी असा तो मामला. गावाने त्याला ‘लसणाचा डबा’ असं नाव ठेवलं होतं. त्या नावात तिथल्या वासाची तक्रार होती, तशीच लसूण खाणाऱ्या परदेशी मजुरांबद्दलची नापसंतीही.

१९०७ साली हा डबा भाड्याने घ्यायला एक तेवीस वर्षांच्या आसपासचा तरुण आला. त्याचं नाव लुई मेयर. रशियन साम्राज्यातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा कॅनडाच्या सेंट जॉन बंदरात वाढला होता. वडील भंगाराचा धंदा करत आणि पोरगाही लहानपणापासून भंगार गोळा करण्यात रुळलेला. १९०४ साली तो बॉस्टनला आला, त्याच वर्षी त्याने मार्गारेट शेनबर्गशी लग्न केलं आणि भंगारातच पुन्हा हातपाय मारले. पुढे मेट्रो-गोल्डविन-मेयर या नावातला शेवटचा शब्द होणारा माणूस तो हाच. हॉलिवूडच्या इतिहासात हेवरिलचा उल्लेख बहुधा दोन ओळींत उरकला जातो. पण अमेरिकेतल्या छोट्या शहरांत सिनेमा कसा रुजला, हे पाहायचं असेल तर या दोन ओळींपाशी थांबायला हवं. मेयरने हेवरिलमध्ये जे विकलं ती मुळात अब्रू होती. पडद्यावरची चित्रं तिच्यामागोमाग आली.

ही युक्ती काही त्याची एकट्याची नव्हती. बॉस्टनमध्येच बेंजामिन फ्रँकलिन कीथ नावाच्या गृहस्थाने तिचा पाया घातला होता. १८८३ साली त्याने तिथे चमत्कारिक वस्तू आणि माणसं दाखवणारं एक छोटं संग्रहालय काढलं. वेळेआधी जन्मलेलं चिमुकलं बाळ हे त्यातलं एक आकर्षण होतं. १८८५पासून त्याने सकाळी सुरू होऊन रात्रीपर्यंत अखंड चालणारा कार्यक्रम आणला. कधीही या, तिकीट काढा आणि हवं तेवढा वेळ बसा. या प्रकाराला व्होडव्हिल म्हणत. त्यात एकाला दुसरं लागून नसलेले आठ-नऊ तुकडे असत. सुरुवातीला कसरतपटू किंवा शिकवलेली कुत्री, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात आणि या खेळांना शब्द ऐकू येण्याची गरज नसते. मग नाचगाण्याची जोडी, जादूगार, छोटं प्रहसन, नकलाकार. मुख्य कलावंत शेवटून दुसरा. आणि अगदी शेवटी पुन्हा एखादा मुका खेळ, म्हणजे ज्यांना लवकर घरी जायचं त्यांना खुशाल उठता यावं.

कीथचा खरा शोध मात्र हा क्रम नव्हता. त्याच्या रंगमंचामागे कलावंतांसाठी सूचना लावलेली असे : अमुक शब्द उच्चारायचे नाहीत, तमुक इशारे करायचे नाहीत, नियम मोडला तर हकालपट्टी. कलावंत वैतागून या साखळीला ‘रविवारची धर्मशाळा’ म्हणत, म्हणजे चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवतात तसली. पण मध्यमवर्गीय बायका मुलांना घेऊन दुपारच्या खेळाला येऊ लागल्या. कीथ आणि त्याचा भागीदार एडवर्ड अल्बी यांनी पुढे कलावंतांची नेमणूक करणारी कचेरीच ताब्यात घेतली. १९०६नंतर पूर्वेकडच्या शहरांत चांगल्या थिएटरात काम हवं असेल, तर त्यांच्या कचेरीला दलाली दिल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सिनेमा अमेरिकेत आला तो या व्होडव्हिलचा पाहुणा म्हणून. २९ जून १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कीथच्या युनियन स्क्वेअर थिएटरात ल्युमिए बंधूंचा सिनेमॅटोग्राफ दाखवला गेला. त्यानंतर आठच दिवसांनी, ७ जुलैला, त्याच बंधूंच्या माणसाने मुंबईत वॉटसन हॉटेलात तीच हलती चित्रं दाखवली. फरक एवढाच की मुंबईत ती स्वतंत्र नवलाई म्हणून आली आणि न्यूयॉर्कमध्ये कसरतपटू आणि नकलाकारांच्या रांगेतला एक तुकडा म्हणून. आगगाडी आली, लाटा फुटल्या, कामगार कारखान्यातून बाहेर पडले. मिनिटभराची अशी चित्रं दहा-पंधरा मिनिटं दाखवायची आणि पुढचा कलावंत यायचा. काही वर्षांत नवलाई ओसरली तेव्हा चित्रं कार्यक्रमाच्या शेवटी ढकलली गेली. ती लागली की लोक उठतात आणि पुढच्या प्रेक्षकांसाठी खुर्च्या रिकाम्या होतात, असं थिएटरवाले उघड बोलत.

तरी या पाहुण्याने घर सोडलं नाही. दोन कारणं होती. एक म्हणजे, चित्रपटांच्या पेट्या भाड्याने देणाऱ्या कचेऱ्या निघाल्या. आधी प्रत्येक दाखवणाऱ्याला फिल्म विकत घ्यावी लागे आणि गावाने ती पाहून टाकली की तिचं करायचं काय, हा प्रश्न पडे. आता आठवड्यातून दोनदा-तीनदा, पुढे पुढे तर रोज, नवी चित्रं मिळू लागली. दुसरं कारण म्हणजे १९ जून १९०५. त्या दिवशी पिट्सबर्ग शहरात एका दुकानाच्या गाळ्यात ९६ खुर्च्या मांडून पाच सेंटांत फक्त सिनेमा दाखवायला सुरुवात झाली. पाच सेंटांच्या नाण्यावरून अशा जागांना निकलोडियन म्हणू लागले आणि दोन-तीन वर्षांत देशभर ते हजारोंनी निघाले.

निकलोडियनची कीर्ती मात्र चांगली नव्हती. अंधारी खोली, कोंदट हवा, शेजारी कोण बसलंय याचा पत्ता नाही. त्यातच आगीचं भय. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे आणि प्रक्षेपकाच्या दिव्याशी ती अडकली की भडकायला वेळ लागत नसे. १९०३च्या डिसेंबरात शिकागोचं इरोक्वा थिएटर जळून सहाशेहून अधिक माणसं दगावली, ती तर नाटकाच्या खेळात. १३ जानेवारी १९०८ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या बॉयरटाउन या छोट्या गावात नाट्यगृहाला आग लागून १७१ जण गेले. तिथे रंगमंचावरचे केरोसिनचे दिवे उलटले होते, पण लोकांच्या तोंडी दोष सिनेमाच्या यंत्राचाच राहिला. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या महापौरांनी शहरातल्या सगळ्या सिनेमागृहांचे परवाने एका फटक्यात रद्द केले. छोट्या शहरात थिएटर काढणाऱ्याला चित्रांआधी लोकांच्या मनातली ही भीती घालवावी लागे.

या पार्श्वभूमीवर ‘जेम’चं नूतनीकरण पाहिलं की मेयर काय करत होता ते लक्षात येतं. जागा धुऊन पुसून, रंगवून, नव्याने मांडून त्याने २८ नोव्हेंबर १९०७ रोजी ती ‘ऑर्फियम’ या नावाने उघडली. दिवस गुरुवारचा, अमेरिकेत घरोघरी कुटुंबं एकत्र जेवायला बसतात तो आभारप्रदर्शनाचा. नाव ग्रीक पुराणातल्या गायकाचं. व्होडव्हिलच्या थिएटरांमध्ये ते तेव्हा प्रचलित होतं आणि ऐकणाऱ्याला भारदस्त वाटे. इथे सभ्य करमणूक मिळेल, असं आश्वासन जाहिरातीत होतं. बर्लेस्क बंद, आता हलती चित्रं आणि सचित्र गाणी.

सचित्र गाणी हा प्रकार आता कुणाला आठवत नाही, पण तेव्हा चित्रांइतकीच त्याची ओढ होती. गायक पडद्याच्या बाजूला उभा राहून नवं गाणं म्हणे आणि प्रत्येक ओळीसाठी रंगवलेल्या काचेचं एक चित्र पडद्यावर पडे. शेवटी धृपदाचे शब्द झळकत आणि सगळं सभागृह गाऊ लागे. इंग्रजी अजून नीट न येणाऱ्या इटालियन किंवा ग्रीक कामगाराला शेजाऱ्याबरोबर मोठ्याने इंग्रजी गाण्याची ही जागा होती. तोवर प्रक्षेपक चालवणारा दुसरी फिल्म चढवून घेई. छोट्या थिएटरात यंत्र बहुधा एकच असे, त्यामुळे गाणं ही त्याचीही गरज होती.

थिएटरचा जुना डाग धुण्यासाठी मेयरने धार्मिक चित्रपट आणला, अशी कथा त्याच्या चरित्रांतून येते. तो चित्रपट ‘फ्रॉम द मेंजर टू द क्रॉस’ होता असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. पण पॅलेस्टाईन आणि इजिप्तमध्ये चित्रित झालेला तो चित्रपट आला १९१२ साली. १९०७ साली त्याचा जन्मच झाला नव्हता. तेव्हा अमेरिकेत गाजत होते ते पॅरिसच्या पाथे कंपनीने काढलेले येशूच्या जीवनावरचे रंगवलेले चित्रपट. मूळ युक्तीला यामुळे बाध येत नाही. येशूचं चित्र लावलं की पाद्रीबुवांना विरोध करणं जड जातं, आणि पाद्रीबुवा गप्प राहिले की त्यांच्या चर्चला येणाऱ्या बायका थिएटरात यायला मोकळ्या होतात.

येशूच्या जीवनावरच्या अशाच एका चित्रपटाने चार वर्षांच्या आत मुंबईत एका माणसाची झोप उडवली. १९१०-११च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी तो पाहिला, मग पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा पाहिला. पडद्यावर येशू चालत असताना आपल्याला राम आणि कृष्ण दिसत होते, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. मेयर आणि फाळके यांनी एकमेकांचं नाव तेव्हा ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. पण धर्मकथा पडद्यावर आली की कुटुंबं घराबाहेर पडतात, हे दोघांनी आपापल्या जागी ओळखलं होतं. अब्रूचा प्रश्न फाळक्यांपुढे तर आणखी बिकट होता. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात तारामतीच्या कामाला कुणी बाई मिळेना, शेवटी ते काम साळुंके या पुरुषाने केलं. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लागला तेव्हा त्याच्या जोडीला जाहिरातीत काय होतं? एका गोऱ्या बाईंचा नाच, एका जोडीचं विनोदी प्रहसन आणि पायाने वस्तू झेलणारा कसरतपटू. मुंबईच्या प्रेक्षकांनाही पहिला भारतीय कथापट व्होडव्हिलच्या तुकड्यांसह वाढला गेला होता.

ऑर्फियम चालू लागलं तसे हेवरिलमधले प्रतिष्ठित लोक मेयरच्या पाठीशी उभे राहिले. १९११ साली त्यांच्या भांडवलावर त्याने ‘कलोनियल’ हे नवं, मोठं आणि झगमगीत थिएटर बांधलं. तिथे व्होडव्हिलचे चांगले खेळ आणि चित्रपट एकाच तिकिटात मिळत. बॉस्टनची ऑपेरा मंडळी एका रात्रीसाठी बोलावून त्याने ‘मॅडम बटरफ्लाय’ही करून दाखवला. बूट शिवणाऱ्यांच्या गावात ऑपेरा! एका रात्रीत किती डॉलर सुटले हा हिशेब दुय्यम होता. गावच्या मान्यवरांनी त्याच्या दारात गाडीतून उतरणं ही खरी मिळकत होती. काही वर्षांत हेवरिलची पाचही थिएटरं त्याच्या हाताखाली आली, आणि नेथन गॉर्डन या भागीदाराबरोबर त्याने न्यू इंग्लंडभर थिएटरांची साखळी बांधायला घेतली.

याच वर्षांत थिएटरच्या जमाखर्चात एक बदल होत होता. कसरतपटूंची टोळी आणायची तर त्यांचं आठवड्याचं मानधन, आगगाडीचं भाडं, सामानसुमान. कुणी आजारी पडलं की कार्यक्रमात भोक. गायकाचा घसा बसतो, कुत्री भुंकतात, जोडीतली माणसं भांडतात. फिल्मचा डबा मात्र आगगाडीने येतो, दिवसातून चार वेळा सारखाच खेळतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जातो. शिवाय बॉस्टनमध्ये दिसणारी नटी त्याच आठवड्यात हेवरिललाही दिसते. व्होडव्हिलमध्ये पहिल्या दर्जाचे कलावंत मोठ्या शहरात दिवसाला दोन खेळ करत आणि छोट्या शहरांच्या वाट्याला तीन-चार खेळ करणारे दुय्यम कलावंत येत. छोट्या शहराला मोठ्या शहराच्या बरोबरीचं पहिल्यांदा काही मिळालं ते सिनेमात. कलोनियलच्या कार्यक्रमात पाहुण्याने हळूहळू बैठकीची खोली व्यापली आणि यजमान ओसरीवर आला.

१९१४ साली मेयर आणि गॉर्डन यांनी बॉस्टनमध्ये चित्रपट वितरणाची स्वतःची कंपनी काढली. पुढच्याच वर्षी त्यांच्यासमोर डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. तंत्राच्या दृष्टीने तोवर असं काही झालं नव्हतं आणि आशय उघड वंशद्वेषाचा होता. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना त्यात हिंस्र दाखवलं होतं आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या संघटनेला तारणहार. १९१५च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या ट्रेमाँट थिएटरपाशी संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर यांच्या पुढाकाराने काळ्या नागरिकांनी निदर्शनं केली आणि ट्रॉटर यांना अटक झाली. मेयरने २५ हजार डॉलर मोजून न्यू इंग्लंडचे हक्क घेतले. त्यातून त्याला एक लाखाहून अधिक डॉलर मिळाले असं सांगतात. हेवरिल हे गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लिहिणारे कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर यांचं जन्मगाव, आणि गावाला त्याचा अभिमान होता. त्याच गावातून उभा राहिलेला थिएटरवाला या चित्रपटावर श्रीमंत झाला. सभ्य करमणुकीची जी रेघ कीथने आखली आणि मेयरने जपली, तिच्या आत चावट विनोदाला जागा नव्हती, पण या चित्रपटाला होती. अब्रू कुणाची मोजायची हे तिकीट काढणाऱ्या बहुसंख्यांनी ठरवलं होतं.

त्या पैशाने मेयरचा रस्ता पश्चिमेला वळवला. आधी मेट्रो पिक्चर्समध्ये भागीदारी, मग १९१८ साली लॉस एंजेलिसला मुक्काम आणि स्वतःची निर्मिती. १९२४ साली तीन कंपन्या एकत्र येऊन मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, झाली आणि तिच्या स्टुडिओचा कारभार त्याच्याकडे आला.

व्होडव्हिलचं पुढे काय झालं ते हेवरिलसारख्या प्रत्येक शहराने पाहिलं. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी ‘द जॅझ सिंगर’ लागला. त्यात पडद्यावर गाणारा आणि बोलणारा अल जोल्सन व्होडव्हिलच्या रंगमंचावरूनच आला होता. बोलपटाच्या कंपन्यांनी नामांकित नकलाकार आणि गायकांचे दहा-दहा मिनिटांचे खेळ चित्रित केले. मग तोच खेळ जिवंत करायला दुसऱ्या कुणाला कशाला बोलवायचं? शिवाय बोलपटाने थिएटरातले वादकही घरी पाठवले. १९२८ साली कीथ-अल्बी-ऑर्फियम ही साखळीच सिनेमाच्या कंपनीत विलीन झाली, अल्बीला बाजूला सारलं गेलं, आणि १९३२ साली न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरने, व्होडव्हिलच्या पंढरीने, फक्त सिनेमा दाखवायला सुरुवात केली.

मेयर मात्र हेवरिलच्या प्रेक्षकाला विसरला नाही. एमजीएमच्या शंभर भपकेबाज चित्रपटांपेक्षा त्याचा जीव १९३७ साली सुरू झालेल्या अँडी हार्डीच्या मालिकेत होता. कार्व्हेल नावाचं छोटं शहर, न्यायाधीश वडील, समजूतदार आई, खोडकर मुलगा, आणि रात्री सगळं सुरळीत. समीक्षकांनी तिला भाबडी म्हटलं, थिएटरवाल्यांनी डोक्यावर घेतली. अमेरिकन जीवनपद्धती पडद्यावर आणल्याबद्दल या मालिकेसाठी एमजीएमला अकादमीचं खास पारितोषिकही मिळालं.

ती जीवनपद्धती खरी होती की नाही, यावर वाद घालता येईल. हेवरिलच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या बायका, लसूण खाणारे इटालियन, अर्धवट इंग्रजीत गाणारे ग्रीक यांना त्या कार्व्हेल गावात फारशी जागा नव्हती. पण हे गाव मेयरने हवेतून काढलं नव्हतं. १९०७ साली एक बदनाम थिएटर उघडताना त्याने ठरवलं होतं की आत बसलेल्या बाईला शेजारच्या बाईसमोर मान खाली घालावी लागता कामा नये. पुढची पन्नास वर्षं अमेरिकन सिनेमाने काय दाखवायचं आणि काय टाळायचं, याचा बराचसा निवाडा त्या एका अटीत होता. तिच्यामुळे सिनेमा घराघराचा झाला, आणि तिच्यामुळेच पुष्कळ घरं त्यात कधी दिसली नाहीत.